मारुती ८०० चा फुटबोर्ड सडलाय, पट्टी मारू की कापून बदलू?

रावेरकर:
रामराम मंडळी. वडिलांची १९९८ ची ८०० आहे, कार्बोरेटरवाली, अजून एका सेल्फमध्ये चालू होते. पण ड्रायव्हर साइडचा फुटबोर्ड, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा उंबरा, गेलाय, परवा जॅक लावला तर पत्रा पापडासारखा आत घुसला. डेंटर म्हणतो सडक्या पत्र्यावरूनच नवीन पत्र्याची पट्टी मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, कलर मारतो, दोन दिवसांत घेऊन जा. मला काही पटत नाही. वडील नाहीत आता, गाडी विकायची नाहीये.

पत्राकाम जळगाव:
भाऊ, पट्टी अजिबात मारू देऊ नका, आतला गंज चालूच राहतो अन दोन पावसाळ्यांत पट्टीसकट सगळं खाली येतं. या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच भार उचलते, म्हणून कापायच्या आधी खालून आधार द्या, दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाका, नाहीतर बॉडी खचते अन मग दार लागतच नाही. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. नवीन पत्रा २० गेज जाडीचा चालेल. गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग नको, सीओटू (वायरवालं विजेचं) वेल्डिंग करा, तेही सलग नाही, एक टाका इकडे एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्या, पत्रा वाकडा होत नाही. बॅटरीची वायर आधी काढा, अन खालून जाणारा पेट्रोलचा पाइप विसरू नका!!

चोपडेकर:
एक विचारू का, गाडीत खताच्या गोण्या वाहायचे का?

रावेरकर:
हो ना दादा, केळीला पोटॅश लागतं, मागची सीट पाडून तीन-चार गोण्या यायच्या.

चोपडेकर:
मग नुसत्या फुटबोर्डावर भागणार नाही भो. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच, ओल धरून ठेवतं अन पत्रा खातं. कार्पेट उचला, जुन्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, आधी साध्या पाण्याने धुवा अन उन्हात चांगली वाळवा, मगच वेल्डिंग. खालची पाणी निघायची भोकं लांबीने बुजवू देऊ नका, आमच्या गाडीची तीच चूक झाली होती.

रावेरकर:
आज कार्पेट काढलं. मागे डाव्या बाजूला तळहाताएवढा पत्रा गेलाय, कोपऱ्यात पोटॅशचे लाल खडे अन गोणीच्या शिलाईचा दोरा निघाला. दोरा काढून ठेवलाय. पट्टीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. धुऊन वाळवून शनिवारी जळगावला आणतो.