शाळेच्या लॅबमधला गोदाघाट: मुलांनी आभासी जगात शिकावं का?

पंचवटीची बाई

मंडळी, एका विषयावर मतं हवी आहेत. विरोधातली असतील तर आधी मांडा.

मी नाशिकला पंचवटीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. आठवीतली बरीच मुलं रात्री मोबाइलवर माइनक्राफ्ट नाहीतर रोब्लॉक्सवर असतात. घरचे त्याला गेम म्हणतात. पण मुलं तिथे घरं बांधतात, जागा वाटून घेतात, भांडतात, रुसतात, नवे मित्र जोडतात. त्या जगात मोठं माणूस नसतंच, आणि असलं तर ते कोण आहे याचा पत्ता नसतो. माझं म्हणणं एवढंच की मुलं तिथे जाऊन पोहोचलीच आहेत, तर असं एक जग शाळेने स्वतःच्या हातात घ्यावं आणि शिक्षकाच्या नजरेसमोर चालवावं.

आम्ही यंदा लुआंटी वापरतोय. माइनक्राफ्टसारखंच, चौकोनी ठोकळे म्हणजे ब्लॉक रचून जग बांधायचं सॉफ्टवेअर. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतं. एक मशीन सर्व्हर करायचं, बाकीची लॅनवरून, म्हणजे लॅबमधल्याच वायरींनी, जोडायची. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी काम अडत नाही, त्यामुळे बाहेरचं कुणी आत येण्याचा प्रश्नच नाही. नोंदीची सोय आधी चालू करून ठेवली तर कुणी कुणाचं बांधकाम पाडलं तेही सापडतं.

मुलांना काम दिलंय रामकुंडाच्या परिसराचं. घाट, दुतोंड्या मारुती (पूर किती चढला ते ज्याच्यावरून सांगतात ती मूर्ती), नारोशंकराचं देऊळ आणि वर सराफ बाजारापर्यंतचा चढ. प्रश्न असा: पाणी मारुतीच्या छातीला लागलं तर बाजारात कुठवर येईल? २०१६ आणि २०१९ च्या पुराचे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले आहेत, पण उंचीचा हिशेब कुणी केला नव्हता.

पहिल्याच तासाला गाडी अडली. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरून घाट बांधायला घेतला, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, मीटरभर उंच पायरी चढणार कोण?" मग पाव मीटरचा ब्लॉक धरायचं ठरलं. दुसऱ्या गटाने आकडेमोड करून दाखवली की पाव मीटर धरला तर जिथे एक ब्लॉक लागत होता तिथे चौसष्ट लागतील, वर्ष संपेल पण घाट संपणार नाही. बराच वाद झाला आणि अर्ध्या मीटरवर तडजोड झाली, म्हणजे आठ ब्लॉक. प्रमाण, घनफळ आणि नकाशाची मोजपट्टी हे तिन्ही धडे मी फळ्यावर शिकवलेत, पण त्यावर मुलं अशी तावातावाने बोललेली मला आठवत नाहीत.

आणखी एक. वर्गात कधीच हात वर न करणारी एक मुलगी तिथल्या चॅटवर सगळ्या गटाला कामं वाटून देते. मराठीत लिहिते, नेमकं लिहिते.

इंदिरानगरची आई

बाई, तुमची तळमळ पोहोचली, पण माझा ठाम विरोध आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा. अशाच एका ऑनलाइन जगात (नाव लिहीत नाही) त्याची एका 'मित्रा'शी ओळख झाली. तो फुकट वस्तू द्यायचा, बांधकामात मदत करायचा. हळूहळू त्याने व्हॉट्सअॅप नंबर मागितला. मुलाने वडिलांचा दिला म्हणून आम्हाला कळलं तरी. रात्री उशिरा येणारे ते मेसेज वाचून मला कापरं भरलं होतं. मुलाला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं, कारण तो माणूस त्याच्याशी घरातल्या कुणाहीपेक्षा गोड बोलत होता.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो. रोब्लॉक्सने २०२४ च्या शेवटी तेरा वर्षांखालच्या मुलांच्या खासगी मेसेजवर बंधनं आणली. पण मुलगा खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकतो, मग ही बंधनं अडवणार कुणाला?

तुमची वायर काढलेली लॅब सुरक्षित असेल, मान्य. पण संध्याकाळी घरी येऊन पोर म्हणणार, "शाळेत बाईच शिकवतात." आईबापांनी महिनोन् महिने जे रोखून धरलं, त्याला शाळेनेच मुलांच्या हाती आयतं कोलीत दिलं. लुआंटी आणि रात्रीचा तो गेम यातला फरक तुम्हाला कळतो, सातवी-आठवीच्या मुलाला दोन्हीकडे ब्लॉकच दिसतात.

मेरी कॉलनी, निवृत्त

मी पाटबंधाऱ्यांच्या कामात हयात घालवली आहे. माझा आक्षेप पाण्याबद्दल आहे.

नातवाच्या माइनक्राफ्टमध्ये मी पाणी ओतून पाहिलं. उगमापासून सात-आठ ब्लॉक वाहतं आणि थांबतं. खड्ड्यात साठून पातळी वर चढत नाही. दोन उगम नीट जवळ ठेवले की मधे तिसरा आपोआप तयार होतो, म्हणजे पाणी शून्यातून निर्माण होतं. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा शेंडा हवेत राहतो. अशा जगात गोदेचा पूर शिकवणार?

नदीची छोटी प्रतिकृती करताना आम्ही फ्राउडचा नियम पाळतो. मोजमाप शंभरपट लहान केलं तर पाण्याचा वेग दहापटच कमी होतो आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, एक लाख पटीने कमी करावा लागतो. म्हणजे गंगापूर धरणातून दहा हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सुटले, तर प्रतिकृतीत एका क्युसेकचा दहावा भाग सोडायचा. मुलाला हे कळायचं असेल तर शाळेच्या मैदानात वाळू-सिमेंटचा घाट करा आणि बादलीने पाणी सोडा. हात ओले होऊ द्या. पाणी कोपऱ्यात कसं वळतं, पुलाच्या खांबामागे भोवरा कसा पडतो, वाळू कुठे खरवडते, हे माउसने कळणारं नाही.

आणि रामकुंड तुमच्या शाळेपासून चालत जाण्याएवढं असणार. मुलांना तिथे न्या.

बारावी सायन्स, कॉलेज रोड

आजोबा, काका-काकूंनो, आमच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं.

२०२० मध्ये शाळा बंद पडली तेव्हा मी प्राथमिकला होतो. सिडकोतल्या फ्लॅटमधून खाली जायची परवानगी नव्हती. आम्ही वर्गमित्र माइनक्राफ्टच्या एका खासगी जगात रोज भेटायचो. ते जग नसतं तर त्या वर्षात मी आई-बाबांखेरीज कुणाशी बोललोच नसतो. तिथे आम्ही रेडस्टोनचे (गेममधल्या विजेच्या वायरीसारख्या वस्तूचे) दरवाजे केले. दोन खटके एकदम दाबले तरच दार उघडेल, किंवा दोनपैकी कुठलाही दाबला तरी उघडेल, असे. यंदा फिजिक्सला सेमीकंडक्टरच्या धड्यात अँड आणि ऑर गेट आले तेव्हा सर सत्यसारणी लिहीत होते आणि मला ते दार डोळ्यांसमोर दिसत होतं.

इंदिरानगरच्या काकू, तुमच्या मुलाला जो माणूस भेटला तो मलाही भेटू शकला असता. आमच्या जगात मित्राचा मोठा भाऊ सर्व्हर सांभाळायचा म्हणून तसं झालं नाही. बाई तेच करतायत.

पेठचे गुरुजी

मी पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे. ही चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की आमची मुलं यात कुठे बसतात?

द्राक्षाच्या हंगामात इथली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. घरातला एकमेव मोबाइल बापासोबत जातो. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. शहरातली शाळा आभासी जगात पुढे जाईल आणि आमच्या मुलांना 'तुम्ही मागे पडलात' हे आणखी एका नव्या कारणाने ऐकावं लागेल. तेव्हा बाई, नवं साधन येतं तेव्हा पहिला प्रश्न ते किती चांगलं हा नसून कुणाला मिळणार हा असावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, या जगांचा भरवसा काय? सेकंड लाइफ नावाचं ऑनलाइन आभासी जग २००३ मध्ये आलं. काही वर्षांत मोठमोठ्या विद्यापीठांनी तिथे बेटं घेतली, इमारती उभारल्या, पुढे त्यातल्या कित्येक ओस पडल्या. किशोरांसाठीची वेगळी शाखा तर काही वर्षांतच बंद झाली. मोझिलाचं हब्स, तेही आभासी जगच, २०२४ मध्ये बंद झालं. कंपनीने कुलूप लावलं की मुलांची मेहनत गेली.

पंचवटीची बाई

गुरुजी, शेवटच्या मुद्द्यासाठीच आम्ही लुआंटी घेतलं. मुलांचं जग म्हणजे आमच्याच मशीनवरचं एक फोल्डर आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन ते दुसऱ्या शाळेत उघडता येतं, त्यात कंपनीचा संबंध नाही. पण तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. जिथे मशीनच नाही तिथे हा उपक्रम न्या असं मी म्हणणार नाही.

मेरी कॉलनीच्या काकांना मात्र उत्तर आहे. मुलांनी पाणी ओतलं आणि ते वर चढेना, तेव्हा वर्गात गदारोळ झाला. "बाई, हे खोटं आहे." खोटं का, ते सांगा म्हटलं. पाणी नाहीसं होत नाही, शून्यातून येत नाही, मिळेल तिथे एक पातळी धरतं, हे मुलांनी स्वतः मांडलं. मग त्यांनी पाणी ओतायचं सोडून एकेक थर हाताने भरला आणि प्रत्येक थराला बाजारातलं कुठलं दुकान बुडतं याचा तक्ता केला. वेग आणि भोवरा यात शिकता येत नाही, बरोबर. पातळी शिकता येते, आणि आमचा प्रश्न पातळीचाच होता.

या वाटेने आधी गेलेले लोक आहेत. हार्वर्डमध्ये क्रिस डीड यांच्या गटाने रिव्हर सिटी नावाचं एकोणिसाव्या शतकातलं आभासी शहर केलं होतं. तिथले लोक आजारी पडतात आणि शाळेतल्या मुलांनी हिंडून, प्रश्न विचारून, पाण्याचे नमुने तपासून कारण शोधायचं. एका आजाराचं मूळ पाण्यात, एकाचं हवेत, एकाचं डासांत. खऱ्या गावात मुलांना साथीच्या मधोमध सोडता येत नाही. गोदेच्या पुरातही नाही.

मेरी कॉलनी, निवृत्त

पातळीचं म्हणणं पटलं. मग मापं खरी हवीत. व्हिडिओ पाहून अंदाजाने बांधलेला चढ चालणार नाही. घाटापासून सराफ बाजारापर्यंतच्या उंचीतला फरक डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून काढावा लागतो. उपकरण माझ्याकडे आहे, पट्टी धरायला मुलं आणा. वाळूच्या घाटाचा आग्रह मात्र सोडत नाही.

इंदिरानगरची आई

बाई, दोन गोष्टी विचारते.

चॅटचं काय? तुम्ही म्हणता मुलगी तिथे लिहिते. म्हणजे चॅट चालू आहे. मुलं एकमेकांनाही वाईट लिहितात, त्याला बाहेरचा माणूस लागत नाही. आणि ती मुलगी पडद्यावर कामं वाटते याचं कौतुक आहे, पण तोंडाने बोलायला ती कधी शिकणार? उद्या कॉलेजात, नोकरीत, दवाखान्यात तिला समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं लागेल. पडद्यामागे सोपं जातंय म्हणून ती तिथेच राहिली तर?

माझ्या मुलाच्या शाळेतून अशी संमतीची चिठ्ठी आली तर मी सही करणार नाही, हे आधीच सांगते.

पंचवटीची बाई

ताई, चॅट तासापुरतं चालू असतं. लिहिण्याचा हक्क प्रत्येकाचा वेगळा काढता येतो आणि एकदा दोघांचा आठवडाभर काढलाही. जे लिहिलं जातं ते सर्व्हरवर राहतं आणि मी वाचते, हे मुलांना ठाऊक आहे.

त्या मुलीबद्दल तुम्ही म्हणता ती भीती मलाही आहे. तक्ता वर्गासमोर मांडायची पाळी तिच्या गटाची आली तेव्हा तिने दुसरीला पुढे केलं. मी बळजबरी केली नाही. पुढच्या वेळी काय करायचं, यावर अजून विचार चाललाय.

सही न करणारे पालक माझ्याही वर्गात आहेत. त्यांची मुलं समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा कागदावर काढतात. लॅबमधल्या घाटाचा चढ एका ठिकाणी उलटा बांधला गेलाय, हे आधी त्यांच्याच लक्षात आलं.

काका, पट्टी धरायला दोन्ही गट येतील. शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत.