सोपं मॉडेल की साधं? क्लिष्ट की गुंतागुंतीचं?

भाषांतरवाली : लष्करी ऑपरेशन्स रिसर्चवरचा, म्हणजे युद्धातले निर्णय आकडेमोडीनं तपासण्याच्या शास्त्रावरचा लेख मराठीत आणतेय. ‘सिंपल मॉडेल’ला ‘सोपे प्रतिमान’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ला ‘क्लिष्ट प्रतिमान’ लिहिलं. संपादकांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली, कारण काही लिहिलं नाही. काय चुकलं?

पाटीपेन्सिल : ताई, रेघ बरोबर आहे. काम सोपं असतं, वस्तू साधी असते. साडी साधी म्हणतो, सोपी नाही म्हणत.

तुमच्याच विषयातलं बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकमधल्या जहाजांच्या काफिल्यांच्या नोंदी चाळल्या. सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांत २.५ टक्के जहाजं गेली होती, सरासरी ५४ च्या काफिल्यांत १.१ टक्के. यामागचं मॉडेल पाटीवर मावतं : जहाजं चौपट केली की काफिल्याचं क्षेत्रफळ चौपट, पण परीघ दुप्पटच, आणि राखणीच्या नौका लागतात त्या परिघावर. किती साधं! पण मोठा काफिला म्हणजे पाणबुडीला आयतं घबाड, असं धरून बसलेल्या नौदलाला ते पटवणं सोपं नव्हतं.

भाषांतरवाली : पटलं. पण ‘क्लिष्ट’ला काय झालं?

पाटीपेन्सिल : ‘क्लिष्ट’ क्लेशाच्या घरातला. परिपत्रक क्लिष्ट असतं, कारण लिहिणाऱ्यानं मनावर घेतलेलं नसतं. मॉडेलमध्ये इंधन, हवामान, रस्ते, दारूगोळा एकमेकांत अडकलेले असतील तर त्यात मांडणाऱ्याचा काय दोष? ते गुंतागुंतीचं. उलट दोन सैन्यांचं बळ मोजणारा, इंग्रज अभियंता लँचेस्टरचा वर्गनियम घ्या : दुप्पट सैन्याशी बरोबरी साधायची तर प्रत्येक सैनिकाची मारकशक्ती चौपट हवी. साधा नियम, पण वाईट शिकवला तर तोही क्लिष्ट होतो.

जुनीवही : ‘जटिल’ का नको? आटोपशीर आहे.

पाटीपेन्सिल : चालेल की. मला मात्र त्यात ‘सुटता सुटत नाही’ अशी छटा ऐकू येते. आजार जटिल, वाद जटिल. मॉडेल चालवायचं असतं, सोडवायचं नसतं.

जुनीवही : आणि ‘प्रतिमान’ऐवजी ‘नमुना’?

पाटीपेन्सिल : ‘लष्कराचा साधा नमुना’? वाचक हसतील हो. त्यापेक्षा सरळ ‘मॉडेल’ लिहा.

भाषांतरवाली : ठरलं, ‘साधं’ आणि ‘गुंतागुंतीचं’. आता ‘ऑपरेशन्स’चं सांगा. ‘शस्त्रक्रिया’ सोडून काहीही चालेल.