विमानात घडणारा अस्सल थरारपट सुचवा (बाबांसोबत बघायचा आहे)

सांजवेळ
नमस्कार मंडळी. दर शनिवारी रात्री मी आणि बाबा मिळून एक सिनेमा बघतो. बाबांची सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, हँगरमध्ये. त्यामुळे विमानातली गोष्ट म्हटली की ते खुर्ची पुढे ओढून बसतात आणि अर्ध्या तासात उठून जातात. मागच्या शनिवारी तेच झालं. खलनायकाने भर आकाशात केबिनचं दार हिसका देऊन उघडलं. बाबा पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. बहुतेक प्रवासी विमानांचं दार बाटलीच्या बुचासारखं आतल्या बाजूने चौकटीत बसतं, उघडायचं तर आधी आत ओढावं लागतं. विमान उंचावर असताना आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साधारण ८ पौंडांनी जास्त असतो. अख्ख्या दाराचा हिशोब केला तर भार दहा टनांच्या घरात जातो. "दहा जण लटकले तरी हलणार नाही," एवढं बोलून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवेल असा सिनेमा हवा आहे. बहुतेक गोष्ट विमानातच घडावी, ताण खरा असावा, भुतं आणि साप नकोत. भाषा कुठलीही चालेल. शेवट मात्र कृपा करून कुणी फोडू नका.

रातकिडा
'रेड आय' (२००५). वेस क्रेव्हनचा, जेमतेम ८५ मिनिटांचा. रात्रीचं विमान, शेजारच्या सीटवर गोड बोलणारा माणूस, आणि विमान वर गेल्यावर त्याचा बदललेला सूर. रेचल मॅकअ‍ॅडम्स आणि किलियन मर्फी दोन सीटांत कोंडलेले, भोवती शंभर माणसं, तरी तिला ओरडता येत नाही, कारण जमिनीवर तिच्या वडिलांचा जीव टांगणीला लागलाय. टॉयलेटच्या आरशावर ती साबणाने लिहायला लागते त्या प्रसंगात मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटचा भाग विमानाबाहेर आहे आणि तो तितका कसदार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चष्मेबहाद्दर
माझे दोन. 'नॉन-स्टॉप' (२०१४): न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं विमान, लिअम नीसन एअर मार्शल, म्हणजे प्रवाशांत साध्या वेशात बसणारा सुरक्षा अधिकारी. त्याच्या फोनवर मेसेज येतो की १५ कोटी डॉलर द्या, नाहीतर दर २० मिनिटांनी एक माणूस मरेल. पाठवणारा विमानातच बसलाय. प्रत्येक चेहऱ्यावर संशय घ्यायला लावतो.

'फ्लाइटप्लॅन' (२००५): बर्लिन ते न्यूयॉर्क. नवऱ्याची शवपेटी आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन जोडी फॉस्टर निघालीय. डोळा लागतो, जाग येते तर मुलगी नाही. मुलीला कुणी पाहिलेलंच नाही, यादीत नावही नाही. ही बाई स्वतः विमानाच्या इंजिनांवर काम केलेली अभियंता आहे, त्यामुळे छताच्या आत काय आहे, कुठली वायर कुठे जाते हे तिला पाठ आहे. तुमच्या बाबांना ही बाई आवडेल.

खिडकीची_सीट
चष्मेबहाद्दर, 'फ्लाइटप्लॅन'चा पहिला तास मलाही फार आवडतो, पण उत्तरार्धातला कट इतक्या योगायोगांवर टेकलाय की हिशोबी माणूस तिथे अडणारच. 'नॉन-स्टॉप'च्या शेवटच्या अर्ध्या तासात तर बाबा नक्की उठतील. हँगरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला असा सिनेमा हवा, ज्यात विमान विमानासारखं वागतं. खाली उतरता येत नाही, वर कुणी येऊ शकत नाही, हाताशी जे आहे तेवढंच. दिग्दर्शकाने यातून एकदा जरी पळवाट काढली की ताण गेला.

म्हणून माझं मत '७५००' (२०१९) ला. पॅट्रिक फोलरॅटचा, दीड तासाचा. शीर्षक म्हणजे ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा कोड: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे इतर आणीबाणी. बाबांना हे सांगायची गरज नाही म्हणा. बर्लिनहून पॅरिसला जाणारं विमान, जोसेफ गॉर्डन-लेव्हिट सहवैमानिक, आणि कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ कॉकपिटमध्ये. केबिनमध्ये काय चाललंय ते आपल्याला त्याच्याइतकंच कळतं, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरून. सुरुवातीला बराच वेळ नुसती उड्डाणाची तयारी आहे: चेकलिस्ट, इंधनाचे आकडे, इकडच्या तिकडच्या गप्पा. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. मला वाटतं खरी ताकद तिथेच आहे, कारण नंतर हात कुठल्या बटणाकडे जातोय ते आपल्याला कळत असतं. कॅप्टनचं काम करणारा कार्लो किट्झलिंगर पूर्वी खरोखरच वैमानिक होता, त्याच्या हालचालींत ते दिसतं. पार्श्वसंगीत जवळपास नाही. दारावरच्या धडका आणि इंजिनाची घरघर एवढंच.

याउपर एक शब्द सांगत नाही.

पानगळ
'नीरजा' (२०१६) कुणीच कसा लिहिला नाही? राम माधवानींचा, सोनम कपूरचा. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत अपहरण झालेल्या पॅन अ‍ॅम ७३ ची गोष्ट. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पोटात गोळा येतो. दहशतवादी आत शिरताच कर्मचाऱ्यांनी इशारा दिला, वैमानिक कॉकपिटच्या वरच्या झडपेतून बाहेर पडले आणि विमान जमिनीवरच अडकून राहिलं. ते पळाले असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. वैमानिकच नाहीत म्हटल्यावर विमान कुठेच नेता येत नव्हतं.

बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. सोळा-सतरा तासांनी विमानाला वीज पुरवणारं एपीयू बंद पडलं, आत अंधार झाला आणि त्या अंधारात गोळीबार सुरू झाला. एक छोटं इंजिन थांबण्याची ही किंमत. त्या अंधारात नीरजा भनोत प्रवाशांना बाहेर काढत राहिली. वय बावीस. मरणोत्तर अशोकचक्र.

रातकिडा
+१. आणि खऱ्या घटनाच बघायच्या तर पॉल ग्रीनग्रासचा 'युनायटेड ९३' (२००६). ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेच्या हवाई वाहतुकीचं नियंत्रण बघणाऱ्या बेन स्लायनींनी त्यात स्वतःचीच भूमिका केलीय. त्या जागेवर त्यांचा तो पहिलाच दिवस होता.

चष्मेबहाद्दर
खिडकीची_सीट, उत्तरार्धाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. हलकंफुलकं हवं असेल त्या दिवशी 'चोर निकल के भागा' (२०२३) बघा, हिऱ्यांची चोरी आणि अपहरण एकाच विमानात.

दाराबद्दल बाबांना एक विचारा. १९७१ मध्ये डॅन कूपर नावाने तिकीट काढलेला माणूस दोन लाख डॉलर घेऊन बोइंग ७२७ मधून उडी मारून गेला, तो शेपटाखालच्या जिन्याने. त्याने विमान दहा हजार फुटांच्या वर नेऊ दिलं नव्हतं आणि केबिनमध्ये दाबही ठेवू दिला नव्हता. म्हणजे बाबांचा हिशोब त्याला माहीत असणार!

सांजवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल '७५००' बघितला.

चेकलिस्टच्या वेळी बाबांचे ओठ हलत होते. पुढे दारावर धडका सुरू झाल्यावर त्यांनी खुर्चीचा हात धरला तो सोडलाच नाही. एकदाही उठले नाहीत. सिनेमा संपल्यावर बराच वेळ दिवा लावू दिला नाही.

मग म्हणाले, "ती दारं आम्ही बसवली." २००१ नंतर सगळीकडे कॉकपिटची दारं बदलून मजबूत करायची होती, तेव्हा त्यांच्या हँगरमध्ये रात्रंदिवस तेच काम चालू होतं. मी शाळेत होते, बाबा घरी उशिरा येतात एवढंच मला आठवतं. "आत कुणी घुसू नये याचाच विचार केला. दाराबाहेर आपलंच कुणी उभं असलं तर आतल्याने काय करायचं, हे मनातच आलं नव्हतं."

कूपरचा जिना त्यांना माहीत होता. नंतर ७२७ ला एक पातं बसवलं गेलं, हवेच्या झोताने ते फिरतं आणि उडताना जिना खाली येऊ देत नाही, हे त्यांनी हाताचा पंजा वळवून दाखवलं.

पुढच्या शनिवारी 'नीरजा'. एपीयूचं मी त्यांना आधी सांगणार नाहीये. 'युनायटेड ९३' ला ते सध्या नको म्हणाले. 'रेड आय' मी एकटीच बघेन, त्यातली वडिलांची गोष्ट वाचून आधी एकटीनेच बघावासा वाटतोय.