सॉफ्ट लाईट : मंद, मऊ की कोवळा?

पवनीकर
करवतकाठी टसर साड्यांच्या फोटोशूटसाठी मदतनीस पोरांना वाचता येईल असं मराठी सूचनापत्रक करायचं आहे. शूट भंडारा-मोहाडीकडच्या गावांत, वाडा, अंगण आणि वावरात. ‘सॉफ्ट लाईट’साठी ‘मंद प्रकाश’ सर्रास लिहिलेलं दिसतं. तो शब्द ठेवावा का? ‘की’ (मुख्य दिवा), ‘फिल’ (सावली भरणारा दिवा), ‘रिम’ (मागून कड उजळणारा दिवा), ‘फ्लॅग’ (उजेड अडवणारी वस्तू), ‘गोबो’ (उजेडात नक्षी पाडणारी वस्तू) यांनाही शब्द हवेत.

अचलपुरी
‘मंद’ अजिबात नको. मंद म्हणजे कमी. सॉफ्ट म्हणजे कमी नव्हे. पत्रकात ‘उजेड मंद करा’ लिहिलं की पोरगा फ्लॅशची पॉवर १/४ वरून १/१६ वर नेणार. उजेड दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा, दोन म्हणजे पाव) घटेल, पण नाकाची सावली होती तितकीच टोकदार राहील.

उजेडाचा कडकपणा किंवा मऊपणा एकाच गोष्टीवर ठरतो : मॉडेलच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचं तोंड केवढं दिसतं. सूर्य आकाराने अवाढव्य, पण इथून जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा) एक मीटरवर ठेवला तर तो पंचेचाळीस अंशांहून जास्त जागा व्यापतो. तोच तीन मीटरवर नेला की एक मीटरवरच्या ३० सेंटिमीटरच्या डब्याइतकाच उरतो. सॉफ्टबॉक्स तोच, उजेड मात्र कडक.

म्हणून ‘मऊ उजेड’ लिहा आणि पुढे ओळख द्या : सावलीची धार पुसट होत गेली तर मऊ, रेघ उमटली तर कडक. ‘कडक ऊन’ आपण म्हणतोच, त्यामुळे जोडी पोरांच्या लगेच ध्यानात येईल.

वरूडचा
मग ‘कोवळा’ काऊन नाई? कोवळं ऊन म्हंतोच ना आपण.

अचलपुरी
भाऊ, तिथंच फसगत होते. कोवळं ऊन तापत नाही आणि पिवळसर असतं, एवढंच. सूर्याचं तोंड सकाळीही अर्ध्या अंशाचंच. सकाळी सातला पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहून पाहा, सावली लांबलचक आणि धार स्वच्छ. कोवळा हा शब्द रंग आणि ताप सांगतो, मऊपणा सांगत नाही. खरा मऊ उजेड मळभात मिळतो, कारण तेव्हा सगळं आभाळच दिवा झालेलं असतं.

मोहाडीताई
मंद आणि मऊ यांतला फरक कापडावर सांगितला तर पोरांना चटकन पटेल. जाळी मंद करते, कापड मऊ करतं.

रोपवाटिकेतलं ५० टक्क्यांचं शेडनेट डोक्यावर ताणलं की ऊन निम्मं होतं, म्हणजे एक स्टॉप कमी. ७५ टक्क्यांचं असेल तर दोन स्टॉप. पण भोकांतून ऊन सरळच येतं, म्हणून धार बहुतेक तशीच राहते. शिवाय हिरव्या नेटखाली कातडीवर हिरवी झाक चढते, आणि टसरच्या मधाळ रंगावर ती फारच ओंगळ दिसते. पांढरं नेट असेल तरच वापरा.

मऊ करायला उजेड पसरवणारं कापड हवं. इथे मांजरपाट स्वस्त मिळतो, पण तो न धुतलेल्या सुताचा, त्यामुळे उजेड पिवळसर येतो. धुवट पांढरं सुती घ्या. मात्र नीळ किंवा टिनोपाल दिलेली चादर नको, तिने निळसर झाक येते. आणि दोन्ही कापडं एकाच फ्रेममध्ये वापरू नका. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा झाला तर व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने) एकच बाजू सुधारते.

पवनीकर
पत्रकात ‘दिवा जवळ आणा’ असं सरळ लिहू का? म्हणजे आपोआप मऊ.

मोहाडीताई
चेहऱ्याच्या फोटोला चालेल. उभ्या साडीला नाही. दिवा चेहऱ्याच्या उंचीवर एक मीटरवर ठेवला तर पाय साधारण १.८ मीटरवर पडतात. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे चेहऱ्याच्या मानाने पावलाशी पावणेदोन स्टॉप अंधार. करवतीचे दाते असलेला खालचा काठ, जो दाखवायला सगळा खटाटोप, तोच काळवंडतो. दिवा तीन मीटरवर नेला की हा फरक एक तृतीयांश स्टॉपवर येतो.

पण तीन मीटरवर तितकाच मऊपणा हवा तर तोंड तिप्पट लागतं, २.७ मीटरच्या आसपास. बांबूच्या चौकटीवर दोन पन्हे शिवून ताणा, फ्लॅश मागे इतका लांब ठेवा की सगळं कापड उजळेल. फक्त मधे गोल डाग पेटला तर दिव्याचं तोंड त्या डागाएवढंच समजायचं. दुसरा मार्ग चुन्याच्या भिंतीचा : फ्लॅश भिंतीवर मारा, भिंतच दिवा होते. भिंत निळी-हिरवी रंगवलेली असेल तर तो रंगही साडीवर येतो, आणि आपल्याकडच्या गावांत अशाच भिंती जास्त.

अचलपुरी
ताईंच्या म्हणण्यात एक भर. टसरला पूर्ण मऊ उजेडही मारक. सगळीकडून सारखा उजेड आला की विणीचा खडबडीतपणा मरतो आणि साडी छापील वाटते. विणीसाठी पोताला घासत जाणारा तिरपा उजेड हवा. मुख्य दिवा मॉडेलच्या बाजूला, कॅमेऱ्यापासून ६० ते ८० अंशांवर, आणि समोरून त्याच्या चौथा हिस्सा भर (फिल). म्हणजे उजेड मोजणारं मीटर मुख्य दिव्याला एफ/८ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो मोठा तसा उजेड जास्त लागतो) दाखवत असेल तर भरीला एफ/४, म्हणजे दोन स्टॉप कमी.

बारीक विणीवर कॅमेऱ्यात लाटांसारखे पट्टे दिसले तर दिव्याला दोष देऊ नका. सेन्सरची जाळी आणि कापडाची वीण एकमेकींत अडकलेली असते. एक पाऊल पुढे-मागे व्हा किंवा झूम थोडं बदला.

वरूडचा
आता नावं सांगा ना राजेहो. आमच्या इकडं पोट्टे सगळ्याले ‘फोकस’ म्हंतेत. कॅमेऱ्याचा फोकस येगळा, दिव्याचा येगळा, कोन्ता फिरवू तेच समजत नाई तेले.

अचलपुरी
पत्रकात दिव्याला ‘फोकस’ लिहायचंच नाही, हे ठरवून टाका. ‘की’ म्हणजे मुख्य दिवा, ‘फिल’ म्हणजे भर किंवा भरीचा दिवा. ‘रिम’ला बरेच जण किनार म्हणतात. शब्द गोड आहे, पण साडीच्या शूटवर घातक : ‘किनार वाढवा’ म्हटलं की मदतनीस पदर ओढेल. तिथे ‘कडेचा दिवा’ म्हणा. तो मॉडेलच्या मागून, थोडा बाजूने. तो लेन्समध्ये शिरला तर सगळा फोटो धुरकट होतो, म्हणून त्याला ‘आडोसा’ लागतो. ‘फ्लॅग’ला आडोसा यापेक्षा नेमका शब्द नाही. सिनेमावाले कटर म्हणतात, तेही चालेल.

रिफ्लेक्टर, सॉफ्टबॉक्स, छत्री, ट्रिगर जसेच्या तसे ठेवा. ‘परावर्तक’ लिहून कोणाचं भलं होणार नाही. स्टॉपलाही स्टॉपच म्हणा, एकदा सांगून टाकायचं : एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मं.

पवनीकर
आणि ‘गोल्डन आवर’? ‘संधिप्रकाश’ लिहिला होता.

मोहाडीताई
तो खोडा. संधिप्रकाशात सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो, सावली जवळजवळ पडतच नाही, रंग निळसर. म्हणजे तो ‘ब्लू आवर’ झाला. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून सहा अंश खाली जाईपर्यंत साधारण २२ ते २५ मिनिटं मिळतात, त्यात कपडे बदलणं बसत नाही. गोल्डन आवरला ‘कलतं ऊन’ म्हणा. गुरं परतायची वेळ साधलीत तर गोधूळ उडते आणि मागचं ऊन त्यात दिसू लागतं, पण धूळ लेन्सवरही बसते, ब्लोअर खिशात हवा.

वरूडचा
दुपारी बाराले शूट करावंच लागलं तं? पार्टी थांबत नाई.

अचलपुरी
भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/२०० सेकंद आणि एफ/११ च्या आसपास येतं. आभाळ एक स्टॉप गडद हवं तर एफ/१६. आता फ्लॅशने एफ/१६ गाठायचं. ३६ गाइड नंबरचा (फ्लॅशच्या जोराचा आकडा; त्याला एफच्या आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं) छोटा फ्लॅश उघडा मारला तर ३६ भागिले १६, म्हणजे सव्वादोन मीटरपर्यंतच पुरतो. छत्री लावली की सुमारे दोन स्टॉप जातात, अंतर एक मीटरवर येतं आणि छत्री फ्रेममध्ये दिसते. शटर १/४०० केलं तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण शटरचा दुसरा पडदा आधीच सरकायला लागतो. हाय स्पीड सिंक (पडदे सरकताना फ्लॅश झटपट लुकलुकत राहतो ती सोय) लावलं तर पट्टा जातो, पण फ्लॅशचा जोर दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त उतरतो. तेव्हा दुपारी मॉडेलला कडुनिंबाच्या किंवा ओसरीच्या सावलीत घ्या, मागचं वावर उन्हात राहू द्या. आणि मे महिन्यात पूर्ण पॉवरवर लागोपाठ फ्लॅश मारू नका, तापून बंद पडतो. बॅटऱ्याही सावलीत, ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यात ठेवा.

काळ्या मातीत स्टँडच्या पायाखाली फळ्या घाला. उन्हाळ्यात पाय भेगेत जातो, पावसाळ्यात रुततो. खताच्या रिकाम्या पिशवीत सहा-सात किलो वाळू भरून मधल्या दांड्याला लटकवा, पण पिशवी जमिनीला थोडी टेकलेली असू द्या, नाहीतर वाऱ्याने झुलून तीच स्टँड पाडते. छत्रीला याहून जास्त वजन लागतं.

पवनीकर
गोबो तेवढा राहिला. ‘कवडसा’ चालेल?

मोहाडीताई
कवडसा भिंतीवर पडतो तो. गोबो म्हणजे तो पाडणारी वस्तू, तिला ‘कवडशाची जाळी’ म्हणा. आणि खाली सूचना लिहा : कवडसा पाडताना सॉफ्टबॉक्स काढा, उघडा फ्लॅश वापरा आणि फ्लॅशचं झूम सगळ्यात पुढे न्या. जाळी किंवा कडुनिंबाची डहाळी फ्लॅशजवळ धरली तर नुसते ढगळ डाग पडतात. ती भिंतीकडे सरकवत जा, पानांची कड हवी तितकी स्वच्छ दिसली की थांबा. माळवदाच्या साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) येतो तसा एकच झोत हवा असेल तर पुठ्ठ्याला हाताएवढं भोक पुरतं.