सीताबर्डीचे कार्यालय आणि हिंगण्याचे गोदाम व्हीपीएनने जोडताना: टनेल जुळतो, पण सर्व्हर दिसत नाही

प्रश्न : बर्डी_हिशेब

नमस्कार. आमचे मुख्य कार्यालय नागपुरात सीताबर्डीला आहे आणि गोदाम हिंगणा एमआयडीसीत. कार्यालयातील फायबर जोडणीवर आम्ही स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता घेतलेला आहे; गोदामात मात्र स्थानिक सेवादात्याचे साधे ब्रॉडबँड आहे. दोन्ही ठिकाणे इंटरनेटवरून खाजगी मार्गाने, म्हणजे व्हीपीएनने, जोडण्यासाठी दोन्हीकडे आयपीसेक या डेटा सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीची सोय असलेले राउटर बसवले आहेत. टॅली आणि सामायिक फोल्डर ज्यावर आहेत तो सर्व्हर कार्यालयात १९२.१६८.१.१० या पत्त्यावर असून गोदामातील संगणकांना तो वापरता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

राउटरच्या पानावर टनेल (हा खाजगी मार्ग) जोडला गेल्याचे अधूनमधून दिसते, परंतु गोदामातून सर्व्हरला पिंग केले (म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासले) असता एकदाही उत्तर येत नाही. दोन्ही राउटरचे आतील पत्ते कारखान्यातून आले तसे, म्हणजे १९२.१६८.१.१ असेच ठेवलेले आहेत. ज्यांनी राउटर बसवून दिले त्यांचे म्हणणे असे की, व्हीपीएनच्या फंदात न पडता सर्व्हरचा ३३८९ हा पोर्ट, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या रिमोट डेस्कटॉपचे दार, इंटरनेटवर उघडून द्यावा. हे सुरक्षित आहे का? शिवाय २०२२ साली व्हीपीएनविषयी आलेले सरकारी नियम आम्हाला लागू होतात का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : तारजोडणी

पहिला दोष आपणच लिहून ठेवला आहे: दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) हेच नेटवर्क आहे. गोदामातील संगणक १९२.१६८.१.१० हा पत्ता पाहतो, तेव्हा तो आपल्याच नेटवर्कमधला आहे असे समजून आजूबाजूलाच त्याची चौकशी करतो आणि राउटरकडे तो डेटा जातच नाही. मग टनेल कितीही व्यवस्थित जुळलेला असला तरी त्यात शिरायला काही नसते. एका बाजूचे पत्ते राउटरमध्येच बदलून दाखवण्याची युक्ती काही राउटरमध्ये करता येते, पण पुढे कोणी दुरुस्तीला आला की त्याला ती उलगडत नाही. म्हणून मी ती सुचवणार नाही.

गोदामाचे नेटवर्क १९२.१६८.२०.०/२४ असे करून घ्यावे. बदलायचे ते गोदामाचेच, कारण सर्व्हरचा पत्ता कार्यालयात अनेक ठिकाणी नोंदवलेला असणार. मात्र राउटरचा पत्ता बदलण्याआधी गोदामातील हजेरीचे यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि प्रिंटर यांना हाताने दिलेले पत्ते आहेत का ते पाहून तेच आधी बदलावेत. राउटर आधी बदलला तर ही उपकरणे जुन्या नेटवर्कवरच राहतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला एखाद्या संगणकाला तात्पुरता जुना पत्ता द्यावा लागतो. संगणकांना पत्ते डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप, मिळत असल्यास ते एकदा बंद करून सुरू केले की पुरते.

३३८९ पोर्ट उघडण्याचा सल्ला मुळीच मानू नये. इंटरनेटवर उघडा असलेला रिमोट डेस्कटॉप शोधून पासवर्ड आजमावत राहणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात, आणि रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारे प्रोग्राम) आत शिरण्याची ही एक नेहमीची वाट आहे. नियमांचे म्हणाल तर, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतील व्हीपीएनविषयीची तरतूद जनतेला व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला सेवादात्यांसाठीची ती तरतूद लागू नाही, असा खुलासा सर्ट-इननेच केलेला आहे.

उत्तर : ऑरेंज_पॅकेट

वरील उत्तराशी सहमत आहे. पण टनेल 'अधूनमधून' जुळतो याचे कारण वेगळे असावे. गोदामातील राउटरच्या वॅन पोर्टवर (इंटरनेटची तार जिथे लागते तिथे) कोणता पत्ता आला आहे तो पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दोन आकड्यांपैकी किंवा त्यांमधल्या एखाद्याने सुरू होत असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता ठेवलेला आहे आणि बाहेरून कोणीही आपल्या राउटरपर्यंत पोहोचू शकत नाही. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा सेवादात्याचेच उपकरण मध्ये राउटर म्हणून बसलेले आहे. त्याला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे राउटरचे काम न करता डेटा फक्त पुढे देईल असे) टाकून घेता येते.

पहिली स्थिती असली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण एका बाजूला स्थिर सार्वजनिक पत्ता असणे पुरेसे असते. जोडणीची सुरुवात नेहमी हिंगण्याने करावी आणि कार्यालयाने केवळ उत्तर द्यावे, अशी मांडणी ठेवावी. टनेल जुळवताना दोन्ही राउटर ज्या पद्धतीने बोलणी करतात त्या आयकेईची दुसरी आवृत्ती निवडावी, आणि ओळख म्हणून आयपी पत्ता न देता दोन्हीकडे ठरवलेली नावे द्यावीत, कारण गोदामाचा पत्ता बदलत राहणार. कार्यालयाच्या बाजूला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट मोकळे हवेत. समोरची बाजू जिवंत आहे की नाही हे तपासणारी डीपीडीची सोय दोन्हीकडे चालू ठेवावी, म्हणजे वीज जाऊन आली की टनेल आपोआप पुन्हा उभा राहतो. आणि राउटर पत्र्याच्या शेडखाली असेल, तर मे महिन्यात तो तिथे टिकेल अशी आशा ठेवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात असे बंद पडलेले राउटर मी बरेच पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. इंटरनेटसाठी राउटर प्रत्येक पॅकेटचा (डेटाच्या तुकड्याचा) मूळ पत्ता बदलतो. समोरच्या कार्यालयाकडे जाणारी पॅकेट या बदलातून वगळण्याचा नियम त्या सर्वसाधारण नियमाच्या वर असावा लागतो. काही राउटर हे आपणहून करतात, काहींत हाताने करावे लागते.

उत्तर : जुना_लेखापाल

टनेल जुळला म्हणून टॅलीचा डेटा गोदामातून सामायिक फोल्डरमधून उघडू नये. प्रत्येक लहानसहान वाचनासाठी हिंगणा ते बर्डी फेरी होते, त्यामुळे काम असह्य मंद होते, आणि नोंद होत असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका राहतो. टनेलमधून रिमोट डेस्कटॉपने कार्यालयातच टॅली चालवावे. मात्र साध्या विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकालाच बसता येते. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि त्याचे रिमोट डेस्कटॉपचे परवाने लागतात. हा खर्च आधीच धरून ठेवावा.

बर्डी_हिशेब

सर्वांचे आभार. गोदामाचे नेटवर्क बदलले. तिथल्या वॅन पोर्टवर खरोखरच १०० ने सुरू होणारा पत्ता निघाला, म्हणून सुरुवात तिकडूनच ठेवली. आता टनेल स्थिर आहे आणि कार्यालयातील राउटर व प्रिंटर दोन्ही पिंगला उत्तर देतात. सर्व्हर मात्र अजूनही देत नाही.

उत्तर : तारजोडणी

प्रिंटर उत्तर देतो म्हणजे टनेल आणि मार्ग दोन्ही ठीक आहेत. आता अडवणूक बहुधा सर्व्हरवरील विंडोज फायरवॉलची असावी. फाइल शेअरिंग आणि पिंग यांचे नियम बहुतेक वेळा फक्त स्वतःच्या नेटवर्कपुरते मोकळे असतात, आणि १९२.१६८.२०.० हे सर्व्हरच्या दृष्टीने परके नेटवर्क आहे. फायरवॉल बंद करू नये. त्या नियमांच्या व्याप्तीत १९२.१६८.२०.०/२४ एवढेच जोडावे. सर्व्हरवर गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याची वाट) म्हणून कार्यालयाच्या राउटरचाच पत्ता आहे ना, हेही पाहावे.

त्यानंतर पिंग येते पण मोठी फाइल उघडताना खिडकी गोठते असे झाले, तर तो पॅकेटच्या आकाराचा प्रश्न असतो. आयपीसेकच्या वेष्टनामुळे १५०० बाइटची पॅकेट टनेलमध्ये मावत नाहीत, आणि पीपीपीओई (नाव व पासवर्ड देऊन चालणाऱ्या) जोडणीवर मुळातच १४९२ मिळतात. दोन्ही राउटरवर टनेलसाठी टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील डेटाची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून टाकावा आणि तीच फाइल पुन्हा उघडून पाहावी.