मदत हवी आहे: खिमा नाचोजच्या मधल्या चिप्स लगदा होतात

रेसिपीत बीफ खिमा आहे, इथे नाशिकला मी मटणाचा घेते. पाव किलो खिमा कांदा, टोमॅटो, जिरेपूड घालून परतला, मक्याच्या चिप्सवर पसरला, वर मोझरेला, ओटीजीत १८० अंशांवर १० मिनिटं. कडेच्या चिप्स मस्त कुरकुरीत, मधल्या उचलताना हातातच वाकतात. पाकीट तेव्हाच फोडलेलं, म्हणजे सादळलेल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळी टोमॅटो अगदी तेल सुटेपर्यंत आटवला, चिप्स आधी ५ मिनिटं नुसत्या भाजल्या, थोडाच फरक. मला मटणाच्या चरबीचाच संशय येतोय. ओटीजी लहान आहे, पंखा नाही, आणि मुलं आठला जेवायला बसतात, त्यामुळे दोन खेपा जमणार नाहीत. खिमा चाळणीत निथळून घ्यावा, की चिप्सवर आधी चीज आणि मग खिमा घालावा?