मदत हवी आहे: टाकी पावाखाली गेली की वळणावर गाडी गचके खाते

वैतागलेला_चालक
जाणकारांनो, जरा लवकर सांगा, परवा पहाटे लांब निघायचंय. टाकी भरलेली असली की गाडी शहाण्यासारखी चालते. काटा पावाखाली आला की वळणावर मागून हलकी वाटते आणि मध्येच दम टाकते. ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो, पण दोन सेकंद इंजिन ऐकतच नाही, मग गचका देऊन उचलतं. सरळ रस्त्यावर काही त्रास नाही. मित्र म्हणतो, टाकी रिकामी झाली की मागचं वजन कमी होतं आणि पकड जाते, कायम फुल ठेव. वजनाने एवढा फरक पडतो का? हो की नाही एवढंच सांगा.

अर्धी_टाकी
नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोही भरत नाही. चाळीस लिटर म्हणजे तीस किलो, मागे एक शाळकरी पोर बसवल्यासारखं. उलट टाकी फुल करून हिंडणं म्हणजे फुकटचा बोजा वाहणं. मी गेली नऊ वर्षं अर्ध्याच्या वर कधी भरत नाही. ॲव्हरेज बघा कसं सुधारतं.

टाकी_फुल
आले का अर्धीवाले! अहो, तुम्हीच तीस किलो म्हणता आणि तुम्हीच ॲव्हरेज सुधारतं म्हणता. हजार-बाराशे किलोच्या गाडीत अर्ध्या टाकीने वाचले पंधरा किलो. ते ॲव्हरेजमध्ये मोजून दाखवा, मग बोलू. आणि पंप टाकीत बसलेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. सारखी टाकी आटवून चालवाल तर पंपाची वाट लागेल.

पाना_दहाचा
गाडी कुठली? किती चाललीये? चेक इंजिनचा दिवा लागतो का? वळण कुठलंही चालतं की एकाच बाजूचं?

नुसताच_वाचक
रुमाल टाकून ठेवतो.

पहाटेचा_प्रवासी
पेट्रोल पहाटेच भरत जा. थंडाव्यात दाट असतं, जास्त मिळतं.

टाकी_फुल
पंपावरची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. दहा अंशांचा फरक पडला असं धरलं तरी पेट्रोल जेमतेम एक टक्का फुगतं. त्यासाठी झोप मोडू नका. आणि धागा कशाचा आहे?

वैतागलेला_चालक
गाडी व्यवस्थित आहे, सर्व्हिसिंग वेळेवर. दिवा मागे एकदा लागला होता, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, मेकॅनिकने पुसून टाकला. वळण… आता तुम्ही विचारल्यावर आठवतंय, उजवीकडच्या लांब वळणावरच होतं. पण मी वजनाचं विचारलंय!

पाना_दहाचा
दिवा पुसला म्हणजे तक्रार पुसली नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवेच्या मानाने पेट्रोल कमी. तुमच्या इंजिनाला वळणावर पेट्रोल मिळत नाहीये. आणि वजनाचंच हवं असेल तर ऐका. वळणात मध्येच इंजिनाने जोर सोडला की गाडी नाकावर झुकते, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. म्हणून मागून हलकी वाटते. मित्राने कारण उलटं लावलंय.

गाडी कुठली, हे अजून सांगितलं नाहीत.

शर्यतवेडा
वजनाने फरक पडतच नाही असंही नाही हं. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून शर्यत चालू असताना इंधन भरायला बंदी आहे. २०१९ पासून ११० किलोपर्यंत इंधन घेऊन सुटायची मुभा होती, तेही चालकासकट साडेसातशे-आठशे किलोच्या गाडीत. ढोबळ हिशेब असा, की दहा किलोमागे फेरीला तीन दशांश सेकंद. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत जुने टायर असूनही गाड्या पळतात. सुरुवातीला ब्रेकही लवकर दाबावा लागतो…

अर्धी_टाकी
बघा! मी काय सांगत होतो?

टाकी_फुल
यांची गाडी शर्यतीत नाहीये, रस्त्यावर आहे. रस्त्यावरच्या गाडीत टाकी बहुतेक मागच्या सीटखाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे आणि अगदी खाली असते. मुद्दाम तिथे ठेवतात, भरली काय आणि रिकामी काय, गाडीचा तोल फार बदलू नये म्हणून.

गाळ_काढा
टाकी साफ करून घ्या. पेट्रोल कमी झालं की पंप तळाचा गाळ ओढतो. माझ्या जुन्या गाडीत हेच झालं होतं.

पाना_दहाचा
पंप कायम तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असतानाही. वरून साय काढल्यासारखा नाही ओढत. आणि गाळ फक्त उजव्या वळणावर का येईल?

वैतागलेले साहेब, पंप कधी बदललाय का? गाडीला इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, आहे का?

वैतागलेला_चालक
पंप दोन महिन्यांपूर्वीच नवा टाकलाय, म्हणजे पंपाचा प्रश्नच नाही. त्यानंतर एवढ्यातच हे सुरू झालं. पेट्रोल एसयूव्ही, फोर बाय फोर, साठ लिटरची टाकी. हे काय सांगायचं त्यात?

पाना_दहाचा
हेच तर सांगायचं होतं पहिल्या पोस्टमध्ये!

आता ऐका. शाफ्ट मधून न्यायचा म्हणून अशा पुष्कळ गाड्यांत टाकी खोगिरासारखी असते. मध्ये उंबरठा असलेल्या दोन खोल्या समजा. पेट्रोल उंबरठ्याच्या वर असेपर्यंत दोन्ही खोल्या एकच. खाली गेलं की वेगळ्या. पंप एकाच खोलीत असतो. दुसरीतलं पेट्रोल इकडे आणायला जेट पंप असतो. त्याला वेगळी मोटर नसते, मुख्य पंपाच्याच धारेच्या जोरावर तो पलीकडचं खेचतो. त्याची नळी निसटली किंवा तुंबली, की पलीकडचं पेट्रोल तिथेच राहतं. काटा मात्र दोन्ही बाजू मिळून दाखवतो. म्हणजे तुमचे पाव टाकी, पंधरा लिटर, आहेत खरे, पण शेजारच्या खोलीत. तुमचा पंप उजवीकडे असणार. उजव्या वळणावर त्याच्यापाशी उरलेलं थोडंसं डावीकडे पळतं आणि पंप हवा गिळतो.

एक सांगा, गचके सुरू झाल्यावर मोठं डावं वळण आलं तर?

वैतागलेला_चालक
अरे हो! डाव्या वळणानंतर काही वेळ सुरळीत चालते. मला वाटायचं, मीच हळू चालवतोय म्हणून.

पाना_दहाचा
डाव्या वळणावर पलीकडचं पेट्रोल उंबरठा ओलांडून इकडे सांडतं. पंप बदलताना जेट पंपाची नळी काढावी लागते. ती परत नीट बसली नसणार. ज्याने पंप टाकला त्याच्याकडेच न्या. मागची सीट उचलली की दोन गोल झाकणं दिसतील, दुसरंसुद्धा उघडायला सांगा. स्वतः घरी उघडू नका, वाफा पेट घेतात. तोवर अर्ध्याच्या खाली उतरू नका.

टाकी_फुल
म्हणजे फुल ठेवा. पहिल्यापासून सांगतोय.

अर्धी_टाकी
अर्धी म्हणाले ते. नीट वाचा.

हवा_भरा
टायरमध्ये नायट्रोजन भरून बघा, वळणावरची पकड फार सुधारते.

पाना_दहाचा
साध्या हवेतही चार पंचमांशाच्या जवळपास नायट्रोजनच असतो. दाब बरोबर ठेवा, पुरे. आणि टाकी फुल करताना नोझल खटकन बंद झालं की तिथेच थांबा. वर आणखी कोंबलं तर पेट्रोल वाफा धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं, मग भरल्या भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुरते.

वैतागलेला_चालक
आत्ताच गाडी घेऊन आलो. उजवीकडचं झाकण मेकॅनिकने माझ्यासमोर उघडलं, सगळं ठीक. डावीकडचं उघडायला तयारच नव्हता, "तिकडे पंप नाही" म्हणाला. आग्रह धरला तेव्हा उघडलं. काळी नळी सुटून पेट्रोलमध्ये लोळत होती, टोकाची क्लिप लागलेलीच नव्हती. आणि तिथे वीतभर पेट्रोल साचलेलं, काटा लाल दिव्याच्या जरासा वर असताना! नळी बसवल्यावर मुद्दाम लाल दिवा लागेपर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने फिरवली. एकही गचका नाही. पाना, मानलं तुम्हाला.

शर्यतवेडा
अभिनंदन! अवांतर: शर्यतीच्या गाड्यांत हाच त्रास होऊ नये म्हणून टाकीत आडवे पडदे घालतात आणि…

नुसताच_वाचक
माझीही गाडी वळणावर मागून आवाज करते. टाकी भरलेली असताना करते, रिकामी असताना नाही. काय असेल? जरा लवकर सांगा.

पाना_दहाचा
वेगळा धागा काढा. आणि गाडी कुठली ते पहिल्या ओळीत लिहा.